आठ दिवसांची कॅप

माझा पुढचा दात मेडिक्लेमच्या फायलीनं तुटला.

वरच्या रांगेतला, मधोमध, उजव्या हाताचा. फाईल सुतळीनं बांधलेली होती. गाठ मीच मारलेली होती, आणि पाटबंधारे खात्यात एकतीस वर्षं गाठीच मारल्यामुळं ती मलाही सुटेना. आमची मंडळी, सिद्धेश्वरी, कात्री आणायला आत गेली. ती येईपर्यंत थांबायला काय हरकत होती, हे मी आजवर स्वतःला चाळीसेक वेळा विचारलंय. मी गाठीला दात लावला. 'कट्' असा आवाज झाला. मला वाटलं, सुतळी तुटली.

सुतळी अजून शाबूत आहे.

आता ज्या फायलीनं दात तुटला, तिच्यातल्याच पॉलिसीतून खर्च मिळावा, असं कुठल्याही सरळ माणसाला वाटेल. मी विमा कंपनीच्या फुकटच्या नंबरवर फोन लावला. पलीकडं गोड आवाजाची मुलगी.

"सर, दातांचा खर्च आम्ही फक्त अपघातात देतो."

"अपघातच आहे."

"कशानं झाला, सर?"

"तुमच्या पॉलिसीनं."

तिनं मला थांबायला सांगितलं आणि वीस मिनिटं बासरी ऐकवली. मग कुणी साहेब आले. मी गाठीची हकीकत सांगितली. ते शांतपणे म्हणाले, "दातानं गाठ सोडणं हा अवयवाचा नेमून दिलेल्या कामाव्यतिरिक्त केलेला वापर आहे, सर. तो अपघातात बसत नाही." मला राग यायला हवा होता. आदरच वाटला. एकतीस वर्षं मी नकाराची पत्रं लिहिली, पण इतकं निर्दोष वाक्य मला कधी जमलं नाही.

एरवी मी दाताविना राहिलो असतो. ह्या वयात मला कुणाला हसून दाखवायचं होतं? पण श्रावणीचं लग्न मध्ये आलं. श्रावणी म्हणजे आमची एकुलती एक. पुण्यात एका कंपनीत काम करते. त्याच कंपनीतल्या शिवू कलशेट्टीशी तिनं परस्पर ठरवून टाकलेलं. मुलगा मैंदर्गीचा, घरची बागायत, आमच्यातलाच. त्याचे वडील सिद्धलिंगराव तयार, आई ईरम्मा तयार, आम्ही तर मनातल्या मनात पत्रिकासुद्धा छापून घेतल्या होत्या. राहिली होती फक्त शिवूची आजी, चंद्रव्वा. वय चौऱ्याऐंशी. त्या घरात तिच्या होकाराशिवाय बैल विकत घेत नाहीत, आणि ती शकुन बघणारी. आधीची दोन स्थळं तिनं उठवून लावली होती. एकदा बोलणी चालू असताना छपरावरून मांजर खाली पडलं म्हणून, आणि दुसऱ्यांदा मुलीच्या बापाच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून. हे शिवूनंच श्रावणीला सांगितलं आणि श्रावणीनं मला. वर म्हणाली, "अप्पा, हुरड्याला बोलावणार आहेत जानेवारीत. अव्वा तेव्हाच सांगणार हो का नाही ते. तुमचं सगळं नीट करून घ्या तोवर."

चपलेच्या अंगठ्यावर ज्या घरात स्थळ मोडतं, तिथं पुढचा दात तुटका घेऊन जायचं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मी रीतसर सुरुवात केली. रीत म्हणजे तीन कोटेशनं. तीन दवाखाने फिरलो, प्रत्येक ठिकाणी आ करून बसलो आणि प्रत्येकाकडं दर लेखी मागितला. पहिल्या डॉक्टरांनी मला परत खुर्चीवर बसवून रक्तदाब तपासला. दुसऱ्यांनी विचारलं, "काका, टेंडर काढणार आहात का?" सात रस्त्याजवळच्या डॉ. संस्कृती हविनाळे यांनी मात्र काही न बोलता छापील कागदावर लिहून दिलं, खाली सही केली आणि शिक्कासुद्धा मारला. शिक्का बघून मी विरघळलो. काम तिथंच द्यायचं ठरलं.

पण कॅप कसली बसवायची? धातूची एक, धातूवर चिनीमातीचा मुलामा दिलेली दुसरी, आणि झिरकोनिया नावाची तिसरी. तिसरीला पंधरा वर्षांची वॉरंटी. मी मनातल्या मनात पंधरात माझं वय मिळवलं आणि विचारलं, "यात सात वर्षांची नाही का मिळणार?"

घरी ह्यावर बैठक भरली. बैठक म्हणजे खालचा धोंडीराम माने आणि वरच्या सरोजिनीबाई. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाला शिंक आली तरी ह्या दोघांची मतं वेगळी पडतात. धोंडीराम एस.टी.तून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेला, सरोजिनीबाई शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून.

"धातूचीच बसवा," धोंडीराम म्हणाला. "लोखंड हाय, मोडत न्हाय."

"पुढचा दात आहे, धोंडीराम. हसल्यावर बंपर दिसेल," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"मग हसू नगा की! आमी तीस वर्सं सोलापूर-तुळजापूर केलं, हसलो का कवा?"

शेवटी झिरकोनिया ठरली. मग रंग. दाताला रंग निवडायचा असतो, हे मला साठाव्या वर्षी कळलं. माझ्या समजुतीप्रमाणं दात पांढरे असतात. डॉक्टरबाईंनी सोळा दातांची पट्टी समोर धरली आणि सोळाच्या सोळा पांढऱ्यांत काहीच सारखं नव्हतं. माझ्या दातांशी जुळणारा रंग त्यांनी काढून दाखवला. तो बघून मला धक्का बसला. आमच्या ऑफिसच्या भिंतींना तोच होता.

सिद्धेश्वरी म्हणाली, "ट्यूबलाईटमध्ये रंग कळत नाही हो. दारात नेऊन बघू." आणि डॉक्टरबाईंनी 'अहो, थांबा' म्हणेपर्यंत ती पट्टी घेऊन, आणि मला दंडाला धरून, रस्त्यावर. साड्या बघायची सवय. ऐन सात रस्त्यावर, सकाळी साडेअकराच्या उन्हात, माझा ओठ वर करून ती एकेक दात लावून बघायला लागली. एक रिक्षावाला थांबला. सीटवरच्या बाईंनीही मान बाहेर काढली.

"चाचा, वो दूसरा लेव, उजला दिखता," रिक्षावाला म्हणाला.

"भाव सगळ्यांचा एकच आहे का?" आतल्या बाईंनी विचारलं.

"एकच," सिद्धेश्वरी म्हणाली.

"मग मळकट कशाला घ्यायचा?"

हा युक्तिवाद आमच्या मंडळींना इतका पटला, की मी ठाम राहिलो नसतो तर आज माझ्या तोंडात एकोणतीस मळकट आणि एक लखलखीत दात असता. माझ्या ठामपणाची ह्या प्रकरणातली ही एकमेव नोंद. ती मुद्दाम करून ठेवतो, कारण पुढं तशी संधी आली नाही.

दातातली नस काढून झाली, दात कोरून बारीक झाला, माप घेतलं गेलं. माझ्या तोंडात आता दाताऐवजी एक खुंटी राहिली होती. खरी कॅप लॅबमधून यायला आठ दिवस. तोवर डॉक्टरबाईंनी प्लॅस्टिकची एक तात्पुरती कॅप त्या खुंटीवर कच्च्या सिमेंटनं चिकटवून दिली.

"काका, ही फक्त आठ दिवसांची आहे. पुढच्या दातांनी काही तोडायचं नाही. चिकट नको, कडक नको. ब्रश हळू करायचा, हिरडीशी घाण साठू द्यायची नाही. आणि आठव्या दिवशी यायचंच."

आठ दिवस मी त्या कॅपला नव्या सुनेसारखं जपलं. भाकरी दुधात कुस्करली. पेरू बघून तोंड फिरवलं. धोंडीरामनं दिलेला शेंगदाण्याचा लाडू मी किसणीवर किसून खाल्ला. आणि आठव्या दिवशी आरशात बघताना माझ्या मनात तो विचार आला, ज्यामुळं ही गोष्ट लिहायची पाळी आली.

दात छान दिसत होता. दुखत नव्हता. हलत नव्हता. मग बदलायचा कशाला?

माझ्या जागी दुसरा कुणी असता, तर त्याला 'तात्पुरता' शब्दाची भीती वाटली असती. पण मी सरकारी नोकरी केलेली आहे. आमच्या ऑफिसात पत्र्याची एक तात्पुरती शेड होती. ती मी नोकरीला लागलो तेव्हा होती, आणि माझा निरोप समारंभ तिच्यातच झाला. शेजारची कायमची इमारत दोन पावसाळ्यांत गळायला लागली, तेव्हा तिच्यातलं दप्तर शेडमध्ये आणून ठेवलं. आमच्याकडं तात्पुरता म्हणून घेतलेला शिपाई पेन्शन घेतोय. मला तीन महिन्यांसाठी दिलेला तात्पुरता कार्यभार मी नऊ वर्षं सांभाळला. कायमच्या गोष्टी मंजुरीत अडकतात, बदलतात, चौकशीत सापडतात. तात्पुरतीकडं कुणाचं लक्ष नसतं, म्हणून ती टिकते. हा माझ्या नोकरीचा निष्कर्ष आहे आणि तो मी तोंडात राबवायचं ठरवलं.

दवाखान्यातून फोन आला. "काका, तुमची कॅप आलीये."

"बरं. पावती ठेवून घ्या," मी म्हणालो.

पंधरा दिवसांनी पुन्हा. "काका, कधी येताय?"

"प्रकरण विचाराधीन आहे."

महिन्यानं स्वतः डॉक्टरबाई. "काका, ते सिमेंट तात्पुरतं असतं हो. कधीही निघेल. गिळली-बिळली गेली तर?"

"बघतो," मी म्हणालो. सरकारी माणूस 'बघतो' म्हणाला की त्याचा अर्थ काय होतो, हे त्या पोरीला अजून ठाऊक नव्हतं. मनातून मला तिची दया आली.

धोंडीराम माझ्या बाजूनं होता. "चाललंय तवर चालवायचं, बिराजदार साहेब. मी स्टेपनीवर सा म्हैने गाडी हाणलीया." सरोजिनीबाई जिन्यात भेटल्या की माझ्या तोंडाकडं बघून फक्त मान हलवायच्या, गृहपाठ न केलेल्या मुलाकडं बघून हलवावी तशी. सिद्धेश्वरीनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं नाही. हे लक्षण चांगलं नसतं, पण मला ते संमतीसारखं वाटलं. आणि खरं सांगायचं तर आठ दिवसांची कॅप ऐंशी दिवस चालली होती. मी पेरू खायला लागलो होतो.

जानेवारीत मैंदर्गीचं बोलावणं आलं.

श्रावणी पुण्याहून आली. आम्ही तिघं सकाळच्या गाडीनं निघालो. शिवू फाट्यावर मोटरसायकल घेऊन उभा. शेतात बांधाकडेला आगटी पेटवलेली, भोवती पोती अंथरलेली. सुरती ज्वारीची कोवळी कणसं निखाऱ्यात भाजत होती आणि दोन गडी ती चोळून गरम हुरडा काढत होते.

"बर्री, बर्री! या, बसा की असं हितं!" सिद्धलिंगराव पुढं आले. सव्वासहा फुटांचा माणूस, मिशा वर वळलेल्या, आणि दात, काय सांगू, मक्याच्या कणसासारखे. हातातला ऊस त्यांनी बोलता बोलता दातानंच सोलला. "बासष्ट वर्सं झाली, डाक्टरचं तोंड न्हाय बघितलं. कडुलिंबाची काडी, बास. तुमी शहरातली माणसं, पेस्ट न् फिस्ट. दात बघू?"

मी तोंड मिटूनच हसलो.

चंद्रव्वा मधल्या पोत्यावर बसलेली. चिपाडासारखी, पण डोळे असे, की आपल्या खिशात किती सुटे पैसे आहेत ते तिला बाहेरून दिसावेत. तिच्या तोंडात एकही दात नव्हता. तिच्यासाठी हुरडा खलबत्त्यात कुटून देत होते. तिनं श्रावणीला जवळ बसवलं, हात हातात घेतला, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. काही बोलली नाही. आमचं सगळं त्या न बोलण्यावर टांगलेलं होतं.

मधोमध ईरम्मांनी एक मोठी परात आणून ठेवली. चुरमुरे, डाळं, शेंगदाणे आणि वरून लसणाचं लालभडक तिखट. "तिन्नरी, खावा, खावा. लाजू नगा." मी मूठ भरून तोंडात टाकली. तिखटाचा एक कण घशात गेला, आणि मला जो ठसका लागला त्यात माझ्या तोंडातून काहीतरी सुटलं, समोर उडालं आणि परातीत पडलं.

जिभेनं चाचपलं. खुंटी.

ऐंशी दिवसांची सेवा बजावून माझा तात्पुरता दात न सांगता कार्यमुक्त झाला होता. आणि झाला होता कुठं, तर चुरमुऱ्यांत. वाचकांनी कधी प्लॅस्टिकचा दात आणि चुरमुरा शेजारी ठेवून बघितले आहेत का? रंग तोच, लांबी तीच, पोटातला बाकसुद्धा तोच. सोळा रंगांची ती पट्टी घेऊन बसलो असतो तरी ओळखता आला नसता.

मी रुमाल तोंडाला लावला. ठसक्याचं निमित्त होतंच. दुसऱ्या हातानं परातीत शोधायला सुरुवात केली. एकेक चुरमुरा चिमटीत धरून बघायचा आणि दात नसेल तर रुमालाआड तोंडात टाकायचा. परत कसा ठेवणार? बघणाऱ्याला एवढंच दिसत होतं की पुण्याच्या नोकरदार मुलीचा बाप परातीवर तुटून पडलाय.

"आवडलं जणू!" ईरम्मा खूश होऊन म्हणाल्या आणि वरून दोन पसे चुरमुरे आणखी ओतले.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सगळ्यांना वाटलं, तिखटानं.

"पावणं खात्यात तर मी मागं कसा ऱ्हाऊ?" सिद्धलिंगराव म्हणाले आणि त्यांनी आपला पंजा परातीत घातला. त्या पंजात माझे तीन पसे मावले असते. मी डोळ्यांनी त्यांची मूठ परातीपासून मिशीपर्यंत पोचवली. ते चावले.

'कट्.'

हा आवाज मला ओळखीचा होता.

सिद्धलिंगराव थांबले. दोन बोटं तोंडात घातली आणि बाहेर काढली. बोटांत दात. त्या माणसाच्या चेहऱ्यावरचा धक्का मी जन्मात विसरणार नाही. मिशाच खाली आल्या.

"माजा दात," ते म्हणाले. एवढ्या मोठ्या माणसाचा एवढा लहान आवाज. "अव्वा... माजा दात पडला."

"एन आतु? काय झालं?" चंद्रव्वा पुढं सरकली. दात तिच्या तळहातावर ठेवला गेला. तिनं तो उन्हात धरून बघितला.

"कुठला पडला हो?" ईरम्मा घाबरून नवऱ्याचं तोंड धरून आत बघायला लागल्या. "समोरचं तर सगळं हायत. शिवू, ब्याटरी लाव!"

शिवूनं मोबाईलची बॅटरी लावून बापाच्या जबड्यात डोकावलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "मागचं काय नीट दिसंना."

"मागचाच! दुखायलंय तितं," सिद्धलिंगराव म्हणाले आणि डोळे पुसले. बासष्ट वर्षांची कडुलिंबाची काडी त्या क्षणी वाया गेली होती.

चंद्रव्वानं श्रावणीचा हात सोडला.

अगदी सावकाश सोडला. आधी एक बोट, मग दुसरं. आणि म्हणाली, "ब्याड. नगं. सोयरिकीचं बोलणं काढायचं आन् घरच्या कर्त्या माणसाचा दात पडायचा. देव सांगायलाय, थांबा म्हणून. खावा, जेवा, गोडीनं जावा. पण ह्यो विषय मिटला."

श्रावणीनं मान खाली घातली. शिवू तिच्या मागं उभा होता. मला वाटलं होतं, आजकालची पोरं आहेत, भांडतील, शकुन-बिकुन मानत नाही म्हणतील. दोघंही गप्प.

सांगायला काय लागत होतं? चार शब्द. पण ते चार शब्द म्हणजे, 'अहो सिद्धलिंगराव, आत्ता तुम्ही चावलात तो माझा दात.' कुठल्या तोंडानं सांगू? जे होतं ते खुंटीचं. एकतीस वर्षांत माझ्यावर एक मेमो नाही. गावभर होईल, की मुलीचा बाप परातीत थुंकला. आणि न सांगावं, तर माझ्या पोरीचं लग्न माझ्याच दातानं मोडलं, हे मला मरेपर्यंत ठाऊक राहणार.

सिद्धेश्वरी माझ्याकडं वळली. रुमालाकडं बघितलं, परातीकडं बघितलं, म्हातारीच्या तळहातावर बघितलं. तीस वर्षांच्या संसारात बाईला बेरीज करायला वेळ लागत नाही.

"सांगा," ती ओठ न हलवता म्हणाली.

"कसं सांगू?"

"तोंडानं."

मी उठलो. रुमाल काढून खिशात ठेवला, कारण आता त्याचा उपयोग नव्हता.

"तो दात सिद्धलिंगरावांचा नाही," मी म्हणालो. फटीतून प्रत्येक 'स'ला शिट्टी वाजत होती. "माझा आहे. नकली आहे. ठसका लागला तेव्हा परातीत पडला. मी मघापासून चुरमुरे खात नव्हतो, दात शोधत होतो." आणि पुरावा हवा म्हणून आ केला.

विहिरीवरचं इंजिन भक भक चालू होतं. गड्यांनी कणसं चोळायची थांबवली. सिद्धलिंगरावांनी दाताकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, पुन्हा दाताकडं.

"म्हंजे... ह्यो... तुमच्या तोंडातला... माज्या तोंडात?"

"हो."

ते उठले आणि इंजिनाच्या पाइपाकडं धावले. खळखळून चूळ भरली. तिथूनच ओरडले, "किती दिस होता तुमच्या तोंडात?"

"ऐंशी."

पुन्हा चूळ. "तंबाकू खाता?"

"नाही."

"पान?"

"लग्नाकार्यात."

पुन्हा चूळ. आजूबाजूच्या एकरभर ज्वारीला त्या दिवशी जास्तीचं पाणी मिळालं असावं. शेवटी ते ओल्या मिशांनी परत आले, जबडा चाचपत. सगळे दात जागच्या जागी आहेत ह्याचा आनंद आणि तोंडात काय होतं ह्याचा धक्का, दोन्ही एकाच चेहऱ्यावर मावत नव्हते.

मी चंद्रव्वापुढं हात जोडून उभा राहिलो. निकाल काय तो लागू दे. म्हातारी तळहातावरचा दात बघत होती. मग तिनं मला बोटानं खुणावलं, जवळ बोलावलं, माझी हनुवटी धरून तोंडात डोकावली. आणि एकदम तिच्या बोळक्यातून हसू फुटलं.

"सिद्धलिंगा," ती म्हणाली, "एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या तोंडात कवा जातंय रे? नवरा-बायकूत, न्हायतर माय-लेकरात, न्हायतर सोयऱ्या-सोयऱ्यांत. व्हय की न्हाय?"

"व्हय, अव्वा."

"लोकं उष्टा घास खात्यात. तू उष्टा दात खाल्लास."

"अव्वा, नगं की!"

"गप. आता मला सांग, सोयरीक न्हाय केली तर ह्या माणसाचा दात तू कुणाच्या नात्यानं खाल्लास, म्हणून गावात सांगणार हाईस?"

सिद्धलिंगरावांनी विचार केला. मीही केला. गडीसुद्धा विचारात पडले.

"मग झालं," म्हातारी म्हणाली आणि तिनं श्रावणीचा हात परत ओढून आपल्या मांडीवर ठेवला. "व्याही जेवला. आता तारीख काढा. आन् सिद्धलिंगा, तोंड पूस, व्याह्याला मिठी मार. त्याच्या आदी हात धू तेवढं."

त्यांनी मला मिठी मारली. उसाचा, लसणाचा आणि इंजिनाच्या पाण्याचा वास. माझ्या कानाशी ते पुटपुटले, "बिराजदार, खरंखरं सांगा. तंबाकू न्हाय ना?"

परतीच्या वेळी बांधावरून चालताना शिवू माझ्या बाजूला आला. घसा खाकरला.

"अप्पा, एक सांगू? मी बघितला होता."

"काय?"

"दात. उडताना. अण्णांच्या तोंडात बघितलं तेव्हा सगळे दात दिसत होते. बत्तीसच्या बत्तीस."

मी थांबलो. "मग बोलला का नाहीस? तुझं लग्न मोडत होतं!"

त्यानं श्रावणीकडं बघितलं. ती चपलेला लागलेला चिखल दगडावर पुसत होती.

"मीपण बघितला होता, अप्पा," ती मान वर न करता म्हणाली. "मीच त्याला डोळ्यांनी गप्प बसवलं. आम्ही सांगितलं असतं तर तुमची फजिती झाली असती. तुम्ही सांगितलं, तर तुम्ही सांगितलं. मी ठरवलं होतं, पाच मिनिटं द्यायची. नाहीच बोललात तर मग मी उठणार."

"पाच मिनिटं?"

तिनं मनगट वर केलं. घड्याळ होतं.

"किती घेतली मी?"

"चार मिनिटं पन्नास सेकंद," ती म्हणाली. "माझा हात उचलला होता हो मी, अप्पा. जरा लवकर बोलत जा."

मी आ वासून तिच्याकडं बघत राहिलो. बांधावर वारं होतं, ते सरळ आत गेलं, खुंटीला लागलं आणि माझ्या तोंडातून आपोआप एक शिट्टी वाजली. पुढं चाललेले सिद्धलिंगराव दचकून वळले आणि त्यांनी आधी स्वतःच्याच तोंडावर हात ठेवला.